चाळीस ओळींचं पॅकेज डिपेन्डन्सी म्हणून घ्यावं का स्वतःच लिहावं? (नोड)

कंस_विसरलेला

मंडळी नमस्कार, प्रश्न तसा बारीक आहे पण त्यावरून आमच्या टीममध्ये दोन दिवस झाले नुसती वादावादी चालू आहे म्हणून इथे टाकतोय.

आमच्या प्रोजेक्टमध्ये लेखांची शीर्षकं येतात, ती कार्डवर दाखवायची असतात, नोटिफिकेशनमध्ये पण जातात. शीर्षक लांब असेल तर ६० अक्षरांवर कापायचं आणि पुढे तीन टिंबं द्यायची, बास एवढंच काम. मी एनपीएमवर (नोडच्या तयार पॅकेजेसचं भांडार) शोधलं, एक पॅकेज मिळालं, डाउनलोड भरपूर, वापरायला एकच फंक्शन. टाकलं, चाललं. पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल तपासून घ्यायची विनंती) टाकल्यावर आमच्या सीनियर सरांनी फक्त एक शब्द लिहिला, "कशाला?" आणि बंद करून टाकली. शेजारी बसणारा मित्र म्हणतो की अरे चाक परत परत कशाला शोधायचं, वापर बिनधास्त. मी मधल्या मधे.

मग आत जाऊन बघितलं तर कोड चाळीसेक ओळींचा आहे, शेवटचा पब्लिश चार वर्षांपूर्वीचा, आणि ते स्वतः अजून दोन पॅकेज ओढतं, त्या दोघांची मिळून अजून पाच. म्हणजे मी एक टाकलं आणि आली आठ.

दुसरा प्रश्न, हा जास्त तातडीचा. माझ्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालतं पण टेस्ट सर्व्हरवर टाकलं की "मॉड्यूल सापडत नाही" असा एरर येऊन ॲप चालूच होत नाही. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उडवून परत इन्स्टॉल केलं, तीन वेळा, काही फरक नाही. काय चुकतंय?

लॉगवाचक

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे. पॅकेज डॉट जेसन (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसच्या याद्या असलेली फाइल) उघड आणि बघ ते पॅकेज कुठल्या यादीत बसलंय. मी पैज लावतो की ते "डेव्ह डिपेन्डन्सीज"मध्ये असणार. इन्स्टॉल करताना सेव्ह-डेव्ह लावलं होतंस का? बरेच जण कुठल्यातरी ट्युटोरियलमधून कमांड जशीच्या तशी उचलतात आणि ते ट्युटोरियल असतं टेस्टिंग लायब्ररीचं.

डेव्ह यादीतल्या गोष्टी म्हणजे टेस्ट, लिंटर, बिल्डची हत्यारं, जी ॲप चालताना लागत नाहीत. सर्व्हरवर इन्स्टॉल करताना डेव्हवाली वगळलेली असतात, किंवा सर्व्हरवर नोड एन्व्ह हे सेटिंग प्रॉडक्शन ठेवलेलं असलं तरी एनपीएम ती आपोआप गाळतं. तुझ्या मशीनवर सगळंच येतं म्हणून तिथे चालतं. फोल्डर तीस वेळा उडवलंस तरी काही होणार नाही, ओळ या यादीतून त्या यादीत हलव.

तिथे नसेल तर मग फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघ. विंडोज आणि मॅकला बहुतेक वेळा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. पण तो लोचा आपल्या स्वतःच्या फाइल्सचा जास्त असतो, पॅकेजचा कमी.

कंस_विसरलेला

सेव्ह-डेव्हच होतं 🙏 हलवलं, चालू झालं. दोन दिवस गेले राव यात. पहिल्या प्रश्नाचं पण सांगा कोणीतरी.

जुनाखोड

तुमच्या सरांच्या "कशाला?" मागे काय आहे ते मी सांगतो, कारण मीही तोच शब्द लिहितो, फक्त मला पुढे चार ओळी लिहायची खोड आहे.

लेफ्ट-पॅडचं प्रकरण ऐकलं असेल. मार्च २०१६. स्ट्रिंगच्या (म्हणजे मजकुराच्या) डाव्या बाजूला स्पेस किंवा शून्य भरणारं पॅकेज, कोड ११ ओळींचा. लेखकाचं दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून भांडण झालं, एनपीएमने ते नाव समोरच्या कंपनीला दिलं, हा चिडला आणि त्याने आपली अडीचशेच्या वर पॅकेजेस एका झटक्यात काढून टाकली, त्यात हे पण गेलं. झालं, बेबेल (नवीन जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरला चालेल असं करून देणारं हत्यार) त्यावर अवलंबून, बेबेलवर अर्धं जग अवलंबून, जिकडे तिकडे बिल्ड लाल. ज्यांचे बिल्ड पडले त्यातल्या बहुतेकांनी त्या पॅकेजचं नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांनी ते कधी मागवलंच नव्हतं, ते कोणाच्या तरी कोणाच्या तरी मागून आलं होतं. शेवटी एनपीएमने स्वतःच ते परत आणलं आणि नंतर नियम केला, आता पब्लिश करून ७२ तास उलटले आणि कोणी त्यावर अवलंबून असेल तर पॅकेज असं उचलून नेता येत नाही. आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, जावास्क्रिप्टमध्येच हेच काम करणारं पॅडस्टार्ट आलं.

पण हे सगळं ऐकून लोक चुकीचा धडा घेतात की लहान पॅकेज वाईट. तसं नाही. एप्रिल २०२० मध्ये इज-प्रॉमिस नावाचं, अक्षरशः एक-दोन ओळींचं लॉजिक असलेलं पॅकेज, त्याच्या लेखकाने चांगल्या हेतूने नवीन मॉड्यूल पद्धतीचा सपोर्ट टाकला, २.२.० सोडलं, त्यातली एक्स्पोर्ट्सची मांडणी चुकली आणि क्रिएट रिॲक्ट ॲपने नवीन प्रोजेक्ट बनवणाऱ्यांचे हाल झाले. कोणाचं भांडण नाही, कोणी काही काढलं नाही, लॉजिक तर बदललंच नव्हतं. दोन ओळींच्या भोवतीचं वेष्टण चुकलं एवढंच.

आता माझं स्वतःचं. फार वर्षं झाली, एका प्रोजेक्टमध्ये नेमकं तुमच्यासारखंच टेक्स्ट कापणारं पॅकेज होतं. व्हर्जनच्या आधी कॅरेटचं चिन्ह, म्हणजे ^१.४.२ सारखं काहीतरी, आणि लॉक फाइल, म्हणजे कुठल्या पॅकेजचं नेमकं कुठलं व्हर्जन बसवायचं त्याची नोंद, आम्ही गिट इग्नोरमध्ये, म्हणजे गिटमध्ये ठेवायचीच नाही अशा यादीत टाकलेली (कोणी टाकली ते विचारू नका, माझं नाव निघेल). कॅरेट म्हणजे २.०.० च्या अलीकडचं काहीही चालेल. एका रात्री बिल्ड झाला आणि पॅकेजचं नवीन पॅच व्हर्जन आलं. त्यांनी केलं काय, तर तीन वेगळ्या टिंबांच्या जागी युनिकोडचं एकच तीन-टिंबी अक्षर घातलं. स्क्रीनवर बघितलं तर फरक ओळखू येणार नाही. पण आमची एक फाइल रोज रात्री दुसऱ्या एका जुन्या सिस्टीमकडे जायची आणि तिला साध्या आस्कीपलीकडे (इंग्रजी अक्षरं, आकडे, नेहमीची चिन्हं) काही कळायचं नाही. सकाळी समोरून फोन, "तुमच्या यादीत प्रत्येक मालाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह का आहे, तुम्हालाच खात्री नाही का काय पाठवताय त्याची?" दुपारपर्यंत आम्ही आमचाच कोड चाळत होतो, कारण आमच्याकडे तर कोणी काही बदललंच नव्हतं ना.

त्यामुळे मी ओळी मोजत नाही. उद्या हे बदललं तर मला कळेल का, आणि मोडलं तर मी दुरुस्त करू शकतो का, एवढं बघतो.

अर्धविराम

जुनाखोड काका, किस्सा भारी आहे पण त्यात पॅकेजपेक्षा लॉक फाइल इग्नोर करण्याचा दोष जास्त नाही का 😄

मला दुसरी बाजू मांडायची आहे कारण या धाग्यावर सगळे लगेच "स्वतः लिही" म्हणणार. मी गेल्या वर्षी एक जुना प्रोजेक्ट ताब्यात घेतला, त्यात युटिल्स नावाची एक फाइल, एकोणीसशे ओळींची. तिथल्या लोकांचा नियम होता की बाहेरचं काही घ्यायचं नाही. त्या फाइलमध्ये टेक्स्ट कापायची तीन फंक्शन्स होती, तिन्ही वेगळ्या माणसांनी लिहिलेली, एक शब्द मधेच तोडायचं, एक रिकामी स्ट्रिंग आली की मरायचं, आणि तिसरं चालायचं पण ते कुठेच वापरलेलं नव्हतं. टेस्ट एकाचीही नाही. तुमच्या "चार ओळींच्या" फंक्शनची पण तीन वर्षांनी हीच अवस्था होते, फक्त त्याला डिपेन्डन्सी म्हणत नाहीत म्हणून कोणी शिव्या देत नाही.

आणि काही गोष्टी तर स्वतः लिहायच्याच नाहीत. तारखा आणि टाइमझोन, एन्क्रिप्शन, पासवर्ड हॅश करणं, सीएसव्ही वाचणं. हो सीएसव्ही पण. सगळ्यांना वाटतं स्वल्पविरामावर तोडलं की झालं, मग एक दिवस अवतरण चिन्हांच्या आत स्वल्पविराम येतो, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी अवतरण चिन्हांच्या आत नवी ओळ येते.

हां पण दुसरं टोक पण आहे हे मान्य. संख्या सम आहे का सांगणारं इज-ईव्हन नावाचं पॅकेज आहे. ते करतं काय तर इज-ऑडला विचारतं आणि उत्तर उलटं करून देतं. आणि इज-ऑड परत समोरची गोष्ट संख्या आहे का हे बघायला इज-नंबरला बोलावतं. हे मात्र कोणी प्रोजेक्टमध्ये टाकलं तर मी पण "कशाला?" लिहीन.

जुनाखोड

लॉक फाइलचा दोष माझाच, मान्य आहे, वर कंसात कबूल केलंय. सीएसव्हीबद्दल शंभर टक्के सहमत, हात पोळलेत.

कुलूपकिल्ली

सिक्युरिटीच्या बाजूने थोडं टाकतो. आठ पॅकेज म्हणजे आठ तुकडे कोड एवढंच नाही, ती पब्लिश करायचा अधिकार असलेली किमान तेवढी खाती आहेत आणि त्यातलं एकही खातं चुकीच्या हातात गेलं की तो माणूस तुझ्या सर्व्हरवर पोचला. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीमचं हेच झालं. मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता, एकाने मदत करतो म्हणून विचारलं, त्याने देऊन टाकलं. नव्या माणसाने फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची छोटीशी डिपेन्डन्सी जोडली आणि त्यात कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटमधून चोरी करायचा कोड लपवलेला निघाला. मूळ लेखकाला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही, फुकटात वर्षानुवर्षं सांभाळत बसलेला माणूस अजून काय करणार. आणि ही काही जुनी गोष्ट नाही, सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबगसारखी, जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असणारी पॅकेजेस अशीच बाधित झाली. सांभाळणाऱ्याला एनपीएमच्या नावाने खोटा ईमेल आला आणि तो फसला. काही तासांत सापडलं, पण तेवढ्या वेळात ज्यांनी ताजं इन्स्टॉल केलं त्यांचं काय.

म्हणून "चार वर्षांत अपडेट नाही" याला मी लगेच वाईट म्हणणार नाही. टेक्स्ट कापायचं काम चार वर्षांत काय बदलणार, कधी कधी पॅकेज पूर्ण झालेलं असतं इतकंच. मी बघतो ते हे की इश्यूमध्ये लोक ओरडतायत आणि उत्तर नाही असं आहे का, आणि एनपीएमवरचा कोड गिटच्या रिपॉझिटरीतल्या कोडशी जुळतो का, कारण दोन्ही एकच असतील असं बंधन कुठेच नाही. एनपीएम पॅक मारलं की पब्लिश झालेली गठडी जशीच्या तशी उतरते, ती उघडून वाच. चाळीस ओळी वाचायला चहा गार होण्याइतका पण वेळ लागत नाही.

इन्स्टॉल होताना चालणाऱ्या स्क्रिप्ट पण बघ. टेक्स्ट कापणाऱ्या पॅकेजला पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट असेल तर तिथेच शंका यायला हवी. इग्नोर-स्क्रिप्ट्स लावून इन्स्टॉल करता येतं. आणि सर्व्हरवर साधं एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय वापर, ते लॉक फाइलमध्ये आहे तेच आणतं आणि पॅकेज डॉट जेसनशी जुळलं नाही तर सरळ थांबतं.

कंस_विसरलेला

हे सगळं वाचून आता भीतीच वाटायला लागली 😅 बरं मग कोड सरळ कॉपी करून आपल्या प्रोजेक्टमध्ये टाकला तर? लायसन्स एमआयटी आहे.

लॉगवाचक

चालतं, फक्त एमआयटीची अट आहे की कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा. फाइलच्या वर कॉमेंटमध्ये टाक. लोक नेमकं हेच विसरतात. आणि उद्या मूळ पॅकेजमध्ये बग सुधारला तर तुला कोणी सांगायला येणार नाही, एनपीएमचं ऑडिट (पॅकेजेसमधल्या माहीत असलेल्या त्रुटी तपासणारी कमांड) पण त्याच्यावर बोलणार नाही, कारण आता तो कोड तुझा.

मात्रावेलांटी

सगळं वाचलं. इतकी चर्चा झाली पण एक प्रश्न कोणीच विचारला नाही. ते पॅकेज मराठी शीर्षक नीट कापतं का? शीर्षकं मराठी पण असतील ना तुमची?

कारण चाळीस ओळींच्या आत शेवटी बहुतेक स्लाइसच (स्ट्रिंग ठराविक लांबीवर कापणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) असणार, आणि जावास्क्रिप्ट ज्याला लांबी म्हणतं ती आपण अक्षरं मोजतो तशी नसते. "मराठी" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा, पण त्याची लांबी येते ५, म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी, सगळे सुटे मोजले जातात. चारवर कापलं की उरतं "मराठ". "पुस्तक" चारवर कापा, "पुस्" एवढं येतं, खाली पाय मोडलेला स आणि पुढे तीन टिंबं. इमोजीचं तर विचारूच नका, तिघांच्या कुटुंबाचा एक इमोजी येतो त्याची लांबी ८, मधे कापला की त्यातलं कोणीतरी गायब होतं.

आणि वर पॅडस्टार्टचं कौतुक झालं म्हणून सांगते, तेही असंच मोजतं. "मराठी" दहापर्यंत भरायला सांगितलं की पाचच स्पेस घालतं, मग रकाने वाकडे दिसतात आणि आपण फॉन्टला शिव्या देतो.

याच्यासाठी भाषेतच सोय आहे, इंटल डॉट सेगमेंटर. त्याला भाषा आणि ग्रॅन्युलॅरिटी ग्राफीम सांगायची, स्ट्रिंग द्यायची, ते दिसणाऱ्या अक्षरांचे तुकडे करून देतं. त्यातले पहिले ६० घ्या, जोडा, संपलं. नोडमध्ये १६ पासून आहे. क्रोम आणि सफारीत आधीपासून होतं, फायरफॉक्समध्ये २०२४ मध्ये आलं. एक खोच आहे, जोडाक्षर एकच धरायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये आला, त्यामुळे जुन्या नोडवर "क्ष"चे दोन तुकडे होऊ शकतात. "क्षमा" आणि "पुस्तक" टाकून तुमच्या सर्व्हरवरच टेस्ट करा, आपल्या मशीनवर नाही.

एकओळी

कार्डवर दाखवायला जावास्क्रिप्ट लागतंच कशाला, सीएसएसमध्ये टेक्स्ट-ओव्हरफ्लो इलिप्सिस द्या, दोन ओळी हव्या असतील तर लाइन-क्लॅम्प.

अर्धविराम

एकओळी आले आणि आमचे सगळ्यांचे निबंध वाया गेले 😂

पण खरं आहे ते. शिवाय ६० अक्षरं मोजून कापलं तरी ती कार्डवर मावतीलच असं नाही, प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. सीएसएस जागा बघून कापतं. आणि पूर्ण शीर्षक पानावर असतंच, ते शोधता येतं, स्क्रीन रीडरलाही मिळतं. नोटिफिकेशनसाठी मात्र स्ट्रिंगच कापावी लागेल, तिथे ताईंनी सांगितलं ते कर. आणि माझा शब्द मागे घेते, या केसमध्ये पॅकेज नको.

कंस_विसरलेला

अपडेट देतो. काल रात्री बसून केलं सगळं.

पॅकेजची गठडी उतरवून आतला कोड वाचला. मात्रावेलांटी ताई, तुम्ही म्हणालात तसंच, शेवटी स्लाइसच आहे. बाकीच्या पस्तीस ओळी म्हणजे ऑप्शन्स तपासणं. त्याच्या दोन डिपेन्डन्सीपैकी एक फक्त समोरची गोष्ट स्ट्रिंग आहे का हे बघते, म्हणजे टाइपऑफचं काम. दुसरी डिफॉल्ट ऑप्शन्स मिसळायला, आणि उरलेली पाच तिच्याच मागून आलेली. "पुस्तक" टाकून बघितलं, "पुस्..." आलं. आमच्या साइटवर हे महिनोन्महिने दिसत राहिलं असतं आणि कोणी तक्रार पण केली नसती.

कार्डवरचं सीएसएसमध्ये केलं. नोटिफिकेशनसाठी सेगमेंटरवालं फंक्शन लिहिलं, नऊ ओळी झाल्या, सोबत सहा टेस्ट, त्यात क्षमा, पुस्तक, तो कुटुंबवाला इमोजी आणि रिकामी स्ट्रिंग (अर्धविराम, ही तुमच्यासाठी). फंक्शन लांबी कमी असेल तर टिंबं लावत नाही हे पण तपासलं, पहिल्या फटक्यात तेच चुकलं होतं, "मराठी..." येत होतं. टिंबं तीन वेगळीच ठेवलीत जुनाखोड काका.

परत पुल रिक्वेस्ट टाकली, सरांनी यावेळी पण एकच शब्द लिहिला, "बरं".

कुलूपकिल्ली

छान. जुनं पॅकेज काढल्यावर लॉक फाइल पण कमिट केलीस ना?

कंस_विसरलेला

...

आता केली.